गोंडोलातला आवाज

आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळा, नाहीतर उसाचा रस. त्यामुळे मी आइस हॉकीवर लिहितोय म्हटल्यावर रूममेट पोट धरून हसला. पण मित्रांनो, हा लेख खेळाडूवर नाहीच. फक्त बोलून साऱ्या कॅनडाला मॅच दाखवणाऱ्या फॉस्टर ह्युइट यांच्यावर आहे.

ह्युइट यांचा जन्म २१ नोव्हेंबर १९०२ चा, टोरंटोचा. वडील 'टोरंटो स्टार' या पेपरचे क्रीडा संपादक. मुलगाही तिथेच बातमीदार झाला. पेपरचं स्वतःचं रेडिओ स्टेशन होतं. फेब्रुवारी १९२३ मध्ये फॉस्टरना म्युच्युअल स्ट्रीट अरीनामध्ये हॉकीची मॅच सांगायला पाठवलं. वय २०, म्हणजे आपल्याएवढंच! बसायला काचेची छोटीशी पेटी, हातात माइक म्हणून चक्क टेलिफोन. श्वासाच्या वाफेने काच धुरकट व्हायची, ती पुसत पुसत बोलायचं. आमची व्हायव्हा यापेक्षा बरी.

हॉकीचं पहिलं रेडिओ प्रक्षेपण आपलंच, असं ह्युइट आयुष्यभर सांगत राहिले आणि तारीख द्यायचे २२ मार्च १९२३. पुढे जुने पेपर चाळल्यावर कळलं की त्याच स्टेशनवरून नॉर्मन अल्बर्ट यांनी ८ फेब्रुवारीलाच एका मॅचचा शेवटचा भाग सांगितला होता. ह्युइट यांची पहिली मॅच १६ फेब्रुवारीची. म्हणजे फरक जेमतेम आठ दिवसांचा. मला हे वाचून जरा वाईट वाटलं. ह्युइट यांना पहिलेपणाची गरजच नव्हती, आणि अल्बर्टना मात्र आज कोणी ओळखत नाही.

१९३१ मध्ये मेपल लीफ गार्डन्स हे नवं स्टेडियम उभं राहिलं. कॉमेंटेटर किती उंचीवर बसावा? ह्युइट यांनी यावर अस्सल इंजिनियरिंग केलं. शहरातल्या एका उंच इमारतीत जाऊन प्रत्येक मजल्याच्या खिडकीतून रस्त्यावरची माणसं बघितली. पाचवा मजला बरोबर वाटला. म्हणून बर्फापासून ५६ फुटांवर, छताला टांगलेली केबिन बांधली. ती हवाई जहाजाच्या केबिनसारखी दिसायची म्हणून नाव पडलं गोंडोला. तिथे जायचं म्हणजे छताजवळच्या अरुंद फळीवरून चालत. भल्याभल्या पाहुण्यांची तंतरायची.

तिथून शनिवारी रात्री त्यांचा आवाज घराघरांत जायचा. सुरुवातीला ते कॅनडा, अमेरिका आणि न्यूफाउंडलँडच्या श्रोत्यांना नमस्कार करायचे. न्यूफाउंडलँड वेगळं, कारण ते १९४९ पर्यंत कॅनडात नव्हतंच. खेळाडूने फटका मारला आणि गोल झाला, हे सांगणारे त्यांचे चार इंग्रजी शब्द गल्लीतली पोरं खेळताना ओरडायची.

१९५१ मध्ये त्यांनी स्वतःचं स्टेशन काढलं. टीव्ही आल्यावर तिथली कॉमेंटरी पुढे मुलाकडे, बिलकडे गेली. पण १९७२ मध्ये कॅनडा विरुद्ध सोव्हिएत रशिया अशी आठ मॅचेसची सिरीज ठरली, तेव्हा टीव्हीसाठी पुन्हा यांनाच बोलावलं. वय ६९. एका खेळाडूचं नाव ते सारखं चुकीचं उच्चारत होते, पण बोलण्याचा वेग तोच. २८ सप्टेंबरला मॉस्कोत शेवटची मॅच, ३४ सेकंद उरलेले, आणि पॉल हेंडरसनचा गोल! कॅनडा ६-५ ने जिंकला. तो गोल आजही लोकांना आठवतो तो ह्युइट यांच्या आवाजात.

१९७९ मध्ये स्टेडियमच्या मालकांनी नव्या बांधकामासाठी गोंडोला तोडला आणि जाळून टाकला. एखाद्या म्युझियमला द्यायचं कोणाला सुचलं नाही. ह्युइट तेव्हा हयात होते. ते २१ एप्रिल १९८५ ला गेले.