विश्लेषण : सावित्रीबाई फुले यांनी प्लेगचा दवाखाना गावाबाहेर माळावर का उभारला?

दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती होते. भिडे वाड्यातली शाळा, अंगावर झेललेले शेण आणि दगड, मुलींचे शिक्षण याविषयी भरभरून बोलले जाते. १० मार्चच्या स्मृतिदिनी मात्र प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांचे निधन झाले, एवढी एक ओळ येते आणि विषय संपतो. त्या ओळीमागे साथरोगाच्या रुग्णाला कुठे ठेवायचे, कोणी सांभाळायचे आणि त्याने दवाखान्यात यावे म्हणून काय करायचे, हा मोठा प्रश्न आहे. त्याचे उत्तर सावित्रीबाईंनी वयाच्या ६६ व्या वर्षी दिले. ते एका दिवसात सुचलेले नव्हते. त्याचा एक धागा जुन्नर तालुक्यातील ओतूरपर्यंत जातो.

ओतूरशी संबंध काय?

१८७६ चा पाऊस दगा देऊन गेला आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. फुले दाम्पत्याने १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांना घेऊन अन्नछत्रे आणि मदतकेंद्रे सुरू केली. जुन्नर भागात समाजाचे काम चांगले रुजले होते. तिथली मदत पाहायला सावित्रीबाई स्वतः गेल्या आणि २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. गुरे मरत आहेत, माणसे गाव सोडून चालली आहेत, सावकार अशा वेळीही मान सोडत नाहीत, असा हवाल त्यात आहे. सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि पोलिसांनी सत्यशोधकांनाच पकडले. तेव्हा सावित्रीबाई थेट कलेक्टरसमोर उभ्या राहिल्या. कार्यकर्ते सुटले, शिवाय केंद्रासाठी ज्वारीच्या चार बैलगाड्या मिळाल्या.

हे पत्र आजही वाचावे असे आहे. त्यात रडगाणे कमी आणि हिशेब जास्त आहे. धान्य किती, माणसे किती, अडवणूक कोण करतो, हे सारे त्यात दिसते. दुष्काळ नुसता उपासमारीने मारत नाही. अंगात त्राण नसलेली माणसे एका जागी गोळा झाली, पाणी खराब झाले, की पटकी आणि ताप येतातच. मदतकेंद्र चालवणाऱ्याला हे डोळ्यांनी दिसते. वीस वर्षांनी प्लेग आला तेव्हा अनोळखी, भेदरलेल्या माणसांची सोय लावायचे काम सावित्रीबाईंना नवे नव्हते.

त्याआधी रुग्णसेवेचा अनुभव होता का?

होता, आणि तो घरातलाच होता. १८६३ मध्ये फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसवल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे तिथे गुप्तपणे आणि सुखरूप होत. बाळंतिणीची आणि तान्ह्या बाळांची देखभाल सावित्रीबाईंकडे होती. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. औषधोपचार डॉ. विश्राम रामजी घोले यांनी केले. रात्रंदिवसाची शुश्रूषा सावित्रीबाईंनी केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले, हे सर्वांना माहीत आहे. त्याआधीची दोन वर्षे त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठवण्या-बसवण्यात, भरवण्यात काढली होती, हे सहसा कोणी सांगत नाही.

प्लेग म्हणजे नेमके काय होत होते?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मुंबई सोडून पळालेल्या माणसांबरोबर रोग पुण्यात आला. आधी घरात उंदीर पडत, मग माणसाला थंडी वाजून ताप येई आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ फुगे. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी मांडले ते १८९८ मध्ये. म्हणजे १८९७ च्या पुण्यात डॉक्टर, सैनिक आणि सेवा करणारे सगळेच शत्रूचा मार्ग न कळता लढत होते.

औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके यायला अजून जवळपास अर्धे शतक होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पण ती निरोग्यासाठी होती. आजारी पडलेल्याला तिचा उपयोग नव्हता.

मग दवाखान्यात नेऊन उपयोग काय, असा प्रश्न पडेल. गाठीच्या प्लेगमध्ये उपचार न मिळालेले शंभरातले तीस ते साठ रुग्ण दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे बरेच जण जगूही शकतात. तापाने सुकलेल्या रुग्णाला पाणी आणि पेज पोटात गेली, अंग पुसले, गाठ फुटली तर ती स्वच्छ ठेवली आणि कोणी उशाशी राहिले, तर तो जगणाऱ्यांत राहण्याची शक्यता वाढते. गाठीचा ताप आला म्हणताच घरचे लोक पळून जात, त्या काळात उशाशी माणूस असणे ही मोठीच गोष्ट होती.

पुण्यात ससून होते, मग लोक का जात नव्हते?

ससून रुग्णालय १८६७ पासून सुरू होते. त्याला जोडून वैद्यकीय शाळाही चालत होती. तिचेच १९४६ मध्ये बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय झाले. पण तेव्हाच्या माणसाच्या मनात सरकारी दवाखाना म्हणजे जिवंत आत जायचे आणि बाहेर यायचे नाही, अशी जागा होती. त्यात जातीची अडचण होती. कोण शिवेल, कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागेल, मृतदेह घरच्यांना मिळेल का, ही भीती खरी होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीला तर उलटाच अनुभव होता. तिथल्या रुग्णाला कोणी हात लावील का, हाच प्रश्न होता.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. हाच कायदा २०२० मध्ये करोनासाठी पुन्हा बाहेर काढला गेला. त्या कायद्याने सरकारला घरात शिरण्याचे, माणसे हलवण्याचे आणि सामान जाळण्याचे अधिकार मिळाले. पुण्यात वॉल्टर रँडच्या हाती प्लेग समितीची सूत्रे आली. सक्तीची चाहूल लागताच लोक रुग्ण लपवू लागले, ज्यांना शक्य होते ते गाव सोडून गेले, आणि त्यांच्याबरोबर रोगही जिल्ह्यातल्या खेड्यांकडे सरकला.

ही भीती अजून पुरती गेलेली नाही. आजही जुन्नर किंवा आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातला रुग्ण गंभीर झाला, की आधी नारायणगाव किंवा मंचरचा सरकारी दवाखाना आणि तिथे भागले नाही तर नाशिक रस्त्याने पुणे, ससून, असा प्रवास होतो. पुण्यात पोहोचल्यावर वॉर्ड कुठे, सोबत कोणाला राहू देतात, जेवणाचे काय, हे विचारत नातेवाईक फिरतात. डॉक्टर चांगले असूनही माणसे दवाखान्याला बिचकतात, याचे अर्धे कारण तिथेच असते.

ससाण्यांच्या माळावर काय केले?

यशवंतराव लष्करी वैद्यकीय सेवेत होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले. पुण्याबाहेर, हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू झाला. ससाणे म्हणजे यशवंतरावांची सासुरवाडी. त्यामुळे जागा घरच्या नात्यातली होती आणि कोणाची परवानगी मागत बसावे लागले नाही.

जागेची निवड विचार करण्यासारखी आहे. शहरातल्या दाट वाड्यांपासून ती दूर, उघड्या हवेवर होती. रुग्ण वेगळा राही, पण तुरुंगात टाकल्यासारखा नव्हे. रोग्याला वेगळे ठेवणे सरकारलाही हवे होते आणि सावित्रीबाईंनाही. फरक एवढाच, की सरकार त्यासाठी शिपाई पाठवणार होते आणि सावित्रीबाई स्वतः जात होत्या. ज्यांना कोणी शिवत नव्हते अशा वस्त्यांतून त्या रुग्ण आणत. उपचार मुलगा करी, सेवा त्या करीत. आजच्या भाषेत सांगायचे तर रुग्ण शोधणे, त्याला हलवणे, उपचार आणि शुश्रूषा ही चारही कामे मायलेकांनी आपल्या अंगावर घेतली होती. मोठ्या रुग्णालयात यासाठी चार वेगळे विभाग असतात, आणि एका विभागातून दुसऱ्यात जाताना रुग्ण हरवतो, हा अनेकांचा अनुभव आहे.

मुंढव्याचा मुलगा कोण?

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे सावित्रीबाईंना कळले. त्या तिथे गेल्या, मुलाला पाठीवर घेतले आणि माळावरच्या दवाखान्यात आणले. चित्रांत, पुतळ्यांत हा प्रसंग आता दिसू लागला आहे. पण त्यातले कष्ट चित्रात येत नाहीत. सहासष्ट वर्षांची बाई, तापाने फणफणलेले पोर आणि मुंढव्याहून हडपसरकडची वाट. मुलाच्या कपड्यांतून, अंथरुणातून पिसवा आपल्या अंगावर येऊ शकतात, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. हा रोग चिकटतो आणि मारतो, एवढे मात्र त्यांना पक्के माहीत होते.

पांडुरंग बरा झाला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला.

त्यानंतर तीनच दिवसांनी, १३ मार्चला, सुमारे नऊशे अधिकारी आणि सैनिकांनी पुण्यात घरझडत्या सुरू केल्या. देवघरापर्यंत बूट गेले, सामान रस्त्यावर आले, बायकांची तपासणी चारचौघांत झाली. रुग्ण सापडण्यापेक्षा लपवले जास्त गेले. २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. इतिहासाच्या पुस्तकांत पुण्याचा प्लेग म्हणजे रँड आणि चापेकर बंधू. त्याच आठवड्यांत शहराच्या दुसऱ्या टोकाला चाललेल्या दवाखान्याला तिथे क्वचितच जागा मिळते.

योगायोग असा, की महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण पुण्यातच, ९ मार्च २०२० रोजी सापडले आणि त्यांना महापालिकेच्या नायडू संसर्गजन्य रोग रुग्णालयात ठेवले गेले. पुढच्याच महिन्यात ससूनची नवी अकरा मजली इमारत घाईने करोना रुग्णांसाठी उघडावी लागली. तेव्हाही घरचे लोक बाहेर आणि रुग्ण आत एकटा अशीच स्थिती होती. पाणी पाजणारे, कूस बदलणारे हात परिचारिकांचे आणि वॉर्डबॉयचे होते.

सावित्रीबाईंच्या निधनानंतरही पुण्यात प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला. यशवंतराव वैद्यकीय सेवेत परतले आणि पुढे काही वर्षांनी प्लेगच्याच रुग्णांवर उपचार करताना त्यांचाही मृत्यू झाला.