कमला सोहोनी

कमला सोहोनी (माहेरच्या कमला भागवत, जन्म : इंदूर, १८ जून १९११, मृत्यू : २८ जून १९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ व आहारविषयक लेखिका होत्या. केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. त्यांनी १९३९ साली मिळविली. विज्ञानशाखेत ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला असा त्यांचा उल्लेख केला जातो. दूध, कडधान्ये, डाळी आणि नीरा या सामान्य माणसाच्या आहारातील पदार्थांवर त्यांनी संशोधन केले. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. स्वयंपाकघर स्त्रीचे आणि प्रयोगशाळा पुरुषाची अशी विभागणी रूढ असलेल्या काळात, अन्नाविषयी शास्त्रीय अधिकाराने बोलणाऱ्या भारतीय स्त्रियांच्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. ज्येष्ठ लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी होत.

बालपण आणि शिक्षण

कमला यांचा जन्म इंदूर येथे शिक्षणाची परंपरा असलेल्या भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजेच आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले होते. आपणही त्याच संस्थेत जाऊन संशोधन करावे, ही इच्छा त्यामुळे कमला यांच्या मनात लवकरच रुजली. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र हा मुख्य व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन त्यांनी १९३३ साली बी.एस्‌सी. पदवी संपादन केली.

बंगळूर येथील प्रवेश

पदवीनंतर कमला यांनी भारतीय विज्ञान संस्थेकडे संशोधन शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन हे त्या वेळी संस्थेचे संचालक होते. स्त्रिया संशोधनाचे काम करण्यास पुरेशा सक्षम नसतात, या समजुतीने त्यांनी हा अर्ज फेटाळला. कमला यांनी हा निर्णय मान्य केला नाही. त्या स्वतः बंगळूरला गेल्या आणि संचालकांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी सत्याग्रह केला. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, परंतु तो अटींवर. पहिल्या वर्षी त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, असे बंधन होते. पुरुष विद्यार्थ्यांना अशा अटी घातल्या जात नसत.

संस्थेत एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली कमला यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. मांसाहार न करणाऱ्या किंवा तो न परवडणाऱ्या मोठ्या लोकसंख्येसाठी प्रथिनांचे हेच मुख्य स्रोत असल्याने या विषयाला भारतीय आहाराच्या दृष्टीने महत्त्व होते. एक वर्षानंतर रामन यांचे समाधान झाले आणि त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली. १९३६ साली त्या एम.एस्‌सी. परीक्षा विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाल्या. त्यांच्या कामानंतर संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींनाही खुली झाली. मात्र केवळ स्त्री असल्यामुळे मिळालेली वागणूक कमला विसरल्या नाहीत. रामन यांचे वैज्ञानिक मोठेपण मान्य करूनही त्यांच्या या दृष्टिकोनाविषयी त्यांनी उतारवयातही जाहीरपणे नापसंती व्यक्त केली.

केंब्रिज येथील संशोधन

शिष्यवृत्ती मिळवून कमला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. तेथे त्या न्यूनहॅम महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी होत्या. सुरुवातीस डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ सालचे नोबेल पारितोषिक मिळालेले फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागातही त्यांना काम करण्याची संधी लाभली. बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन असल्याचे त्यांना आढळले. पेशींच्या श्वसनक्रियेत, म्हणजे अन्नातून ऊर्जा मोकळी होण्याच्या प्रक्रियेत, या प्रथिनाचा वाटा असतो. या विषयावरील त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता आणि संशोधनास प्रारंभ केल्यापासून सुमारे १४ महिन्यांत तो पूर्ण झाला. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

विज्ञानातील पहिली भारतीय महिला डॉक्टरेट असा त्यांचा उल्लेख होत असला, तरी वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने त्यापूर्वी १९३१ साली डी.एस्‌सी. पदवी दिली होती. त्यामुळे सोहोनी यांचे प्रथमत्व पीएच.डी. या पदवीपुरते मर्यादित मानणे अधिक अचूक ठरते.

भारतातील कार्य

१९३९ साली मायदेशी परतल्यावर कमला नवी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक होत्या. तेथे त्यांनी जीवनसत्त्वांच्या परिणामांवर काम केले. भारतीय खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये तपासून त्यांची कोष्टके तयार करणारी ही देशातील अग्रगण्य संस्था होती. हीच संस्था नंतर हैदराबादला हलविण्यात आली आणि राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९४७ साली विमागणितज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या. १९४९ साली मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागात त्या प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोहोचल्या, परंतु वैज्ञानिक वर्तुळातील स्त्रीविषयक पूर्वग्रहामुळे ही नियुक्ती चार वर्षे लांबली. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या गुणवत्तेविषयी त्यांनी सल्ला दिला.

कडधान्यांवरील संशोधन

मुंबईत सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. ट्रिप्सिन हे प्रथिनांचे पचन घडविणारे विकर, म्हणजे एन्झाइम होय. अनेक कच्च्या कडधान्यांत या विकराच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात. भारतीय खाद्यपदार्थांतील अशा ट्रिप्सिनरोधकांवर त्यांचे शोधनिबंध १९५० च्या दशकात प्रसिद्ध झाले. वालामधील, रक्तपेशींचे गठ्ठे करणाऱ्या प्रथिनांवरही त्यांच्या विभागात संशोधन झाले.

हा विषय मराठी स्वयंपाकघराच्या अगदी निकटचा होता. ठाणे आणि रायगड परिसरात वाल भिजवून, त्यांना मोड आणून, सोलून बिरडे करण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कडधान्ये पुरेशी शिजविल्यावर त्यांतील असे बरेचसे अपायकारक घटक निष्प्रभ होतात. ज्या कृती घरातील स्त्रियांनी अनुभवाने जपल्या होत्या, त्यांपैकी काहींमागील रासायनिक कारण अशा संशोधनामुळे सांगता येऊ लागले. ती कृती आईकडून मुलीकडे जाई, तेव्हा ती चालीरीत मानली जाई. प्रयोगशाळेतून आल्यावर तिला शास्त्र हे नाव मिळाले.

नीरा

ताड किंवा शिंदी या झाडांपासून मिळणारा, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. रात्रभर मडक्यात साठलेला हा रस सूर्योदयापूर्वी उतरवून घ्यावा लागतो. मडक्याला आतून चुना लावल्यास आंबण्याची क्रिया लांबते. अन्यथा रस आंबून त्याची ताडी होते. वसई, पालघर व डहाणू हा ताडाच्या झाडांचा किनारपट्टीचा भाग २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. या भागातील भंडारी समाजाचा रस काढण्याचा व्यवसाय जुना आहे. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर ताडीला पर्याय म्हणून नीरा व ताडगूळ यांच्या उत्पादनाला महत्त्व आले. मुंबई व ठाणे परिसरातील उपनगरी रेल्वेस्थानकांवरील नीरा केंद्रे हा पुढे तेथील प्रवाशांच्या नित्य परिचयाचा भाग झाला.

नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास करावा, असे तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी सुचविल्यावरून सोहोनी यांनी हे काम हाती घेतले. नीरेत अ आणि क ही जीवनसत्त्वे तसेच लोह लक्षणीय प्रमाणात असल्याचे आणि रस आटवून गूळ व काकवी केल्यानंतरही ते टिकून राहत असल्याचे त्यांनी दाखविले. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. महागड्या औषधांऐवजी परिसरातील झाडापासून मिळणारा स्वस्त पूरक आहार म्हणून या निष्कर्षांचे मोल होते. या संशोधनासाठी सोहोनी यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला.

आहारसल्ला आणि लिंगभाव

सोहोनी यांच्या कारकिर्दीचा विचार आहारसल्ल्याविषयीच्या लिंगभावात्मक समजुतींच्या संदर्भातही करता येतो. मराठी समाजात बाळंतिणीला डिंकाचे व अळिवाचे लाडू देणे, आजाऱ्यासाठी पेज करणे, मुलांना काय सोसेल ते ठरविणे ही कामे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडे असत. पथ्य सांगण्याचा औपचारिक अधिकार मात्र वैद्याकडे व पुढे डॉक्टरकडे होता आणि हे दोघेही बहुधा पुरुष असत. एकाच विषयातील स्त्रीच्या ज्ञानाला आजीबाईचा बटवा म्हटले जाई आणि पुरुषाच्या ज्ञानाला विद्या.

हा अधिकार मिळविण्याचा मार्ग स्त्रियांसाठी अवघड होता. १८६५ साली कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी घेतली, तेव्हा स्त्रीने वैद्यक शिकावे की नाही हाच वादाचा विषय होता. आनंदीबाई १८८७ साली निधन पावल्या आणि त्यांना व्यवसाय करता आला नाही. सुमारे अर्ध्या शतकानंतर सोहोनी यांच्यापुढे तोच प्रश्न संशोधनाच्या क्षेत्रात उभा राहिला. त्या काळात मुलींसाठी गृहविज्ञानाचे शिक्षण सुरू होत होते. दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय १९३२ साली स्थापन झाले. त्या शिक्षणाने अनेक स्त्रियांना आहारशास्त्राची ओळख करून दिली, पण आहार हा स्त्रियांचाच विषय आणि म्हणून दुय्यम दर्जाचा विषय, ही समजूतही त्याबरोबर टिकून राहिली. याच समजुतीची दुसरी बाजू म्हणजे आहारतज्ज्ञ होऊ पाहणाऱ्या पुरुषाकडे बायकी काम करणारा म्हणून पाहिले जाणे.

सोहोनी यांनी जीवरसायनशास्त्राच्या मार्गाने या विषयात प्रवेश केला. त्यांचा सल्ला गृहिणीच्या अनुभवावर किंवा वैद्याच्या परंपरेवर नव्हे, तर मोजता व पुन्हा तपासता येणाऱ्या पुराव्यावर आधारलेला होता. सल्ला देणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हा प्रश्न त्यामुळे गौण ठरायला हवा होता. संचालकपदाच्या नियुक्तीस झालेल्या विलंबावरून मात्र, पुराव्याच्या क्षेत्रातही तो गौण ठरला नव्हता, असे दिसते.

लेखन आणि ग्राहक चळवळ

निवृत्तीनंतर सोहोनी यांनी आपले ज्ञान सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत नेण्यावर भर दिला. आहारविषयक शास्त्रीय माहिती मराठी वाचकांसाठी सोप्या भाषेत सांगणारे त्यांचे आहार-गाथा हे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांच्या भगिनी दुर्गा भागवत यांनीही खमंग हे पाककृतींविषयीचे पुस्तक लिहिले. एकीने अन्नाकडे संस्कृतीच्या आणि दुसरीने रसायनशास्त्राच्या अंगाने पाहिले.

१९६६ साली नऊ महिलांनी मुंबईत स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संस्थेच्या कामात सोहोनी यांचा सक्रिय सहभाग होता. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या. संस्थेच्या कीमत या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालीच झाला होता. तरी दुकानातून आणलेले अन्न शुद्ध आहे की नाही, हे समजून घेण्यासाठी ग्राहकाचे स्वतःचे ज्ञानही आवश्यक होते. घरातील खरेदीवर लक्ष ठेवणाऱ्या स्त्रिया या चळवळीत केवळ गृहिणी म्हणून नव्हे, तर हक्कांची जाणीव असलेल्या ग्राहक म्हणून पुढे आल्या.

मृत्यू आणि वारसा

जून १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्ली येथे सोहोनी यांच्या सन्मानार्थ समारंभ आयोजित केला होता. या समारंभात त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात, २८ जून १९९८ रोजी त्यांचे निधन झाले.

१८ जून २०२३ रोजी त्यांच्या ११२ व्या जयंतीनिमित्त गूगलने डूडल प्रसिद्ध केले. भारतीय विज्ञानातील स्त्रियांच्या इतिहासात त्यांचे नाव बहुधा बंगळूरच्या प्रवेशप्रसंगामुळे घेतले जाते. कडधान्ये आणि नीरा यांवरील त्यांच्या संशोधनामुळे भारतीय पोषणशास्त्राच्या इतिहासातही त्यांना स्वतंत्र स्थान आहे.