मेचनिकॉव्हचा काटा

मेकॅनिकलच्या पोराने बायॉलॉजीवर का लिहावं, असं संपादक मंडळाने विचारलंच. बारावीनंतर बायॉलॉजी सुटली, पण पोट कुणाला सुटलंय? तेव्हा ही गोष्ट इल्या मेचनिकॉव्हची.

जन्म १८४५, आजच्या युक्रेनमधल्या खारकीव्हजवळच्या खेड्यात. विद्यापीठातला चार वर्षांचा कोर्स या पठ्ठ्याने दोन वर्षांत उरकला. (आपल्याकडे चारचे सहा होतात, ते सोडा.) १८६९ मध्ये लग्न झालं तेव्हा बायको ल्युदमिला क्षयाने इतकी थकलेली, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. १८७३ मध्ये ती गेली आणि हा पार कोलमडला. पुढे ओल्गाशी दुसरं लग्न झालं. मग ओडेसा विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून त्याने राजीनामा दिला आणि १८८२ मध्ये बिऱ्हाड सिसिलीतल्या मेसिनाला हलवलं.

तिथे एके दिवशी घरचे सगळे सर्कशीला गेले. हा एकटाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्या बघत होता. त्यांच्या अंगात फिरणाऱ्या पेशी बघता बघता त्याच्या डोक्यात आलं, की या पेशी शरीराचं रक्षण करत असतील तर? बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि अळ्यांत टोचले. रात्री झोप कसली लागतेय! सकाळी बघतो तर पेशींनी काट्याला घेराव घातलेला.

मला हा प्रयोग भयंकर आवडतो. बजेट शून्य!

या पेशींना भक्षकपेशी हे नाव मिळालं. त्यांतल्या मोठ्या त्या मॅक्रोफेज. सूज म्हणजे नुसता बिघाड नसून शरीराचा बचाव आहे, असं तो म्हणायचा. जर्मन मंडळींना हे पटेना. त्यांच्या मते लढतं ते रक्तातलं पाणी, पेशी नव्हेत. भांडण वीसेक वर्षं चाललं. १९०८ चं नोबेल मेचनिकॉव्ह आणि विरुद्ध पार्टीतला पॉल एर्लिख यांना मिळून दिलं गेलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

तो १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये होता. ओडेसातला त्याचा विद्यार्थी हाफकिन पुढे मुंबईत आला आणि १८९७ मध्ये त्याने प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची.

उतारवयात मेचनिकॉव्ह आतड्याच्या मागे लागला. मोठ्या आतड्यातले जंतू विष तयार करतात, त्या विषाने आपल्याच भक्षकपेशी बिथरतात आणि मेंदूच्या पेशी खातात, म्हणून म्हातारपण येतं, असा त्याचा सिद्धांत. उपाय काय, तर आंबवलेलं दूध. स्वतः रोज प्यायचा. युरोपात दह्याची फॅशन आली ती बरीचशी याच्यामुळे. म्हातारपणाचा सिद्धांत टिकला नाही. आतडं बिचारं विनाकारण बदनाम झालं.

पण रक्षकच बिथरतो, ही कल्पना वाया गेली नाही. आमच्या विंगमधल्या एका मित्राला गेल्या वर्षी अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. आम्ही सगळे मेसच्या रश्श्याला शिव्या घालत होतो. नंतर वाचलं तर प्रकरण वेगळंच. निरोगी आतड्याच्या अस्तरात मॅक्रोफेज ठाण मांडून असतात. आत घुसलेला जंतू गुपचूप खातात, आरडाओरडा करत नाहीत. रक्तातून येणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पेशी तिथे मुरून तशाच शांत होतात. या आजारात त्या मुरतच नाहीत, सूज वाढवणारे निरोप पाठवत राहतात. मग न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशींची फौज येते आणि जंतूंबरोबर अस्तरही सोलून काढते. न्यूट्रोफिलमधलं कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन शौचात उतरतं. मित्राची तीच टेस्ट केली होती. त्याच्या औषधांचं काम जंतू मारण्याचं नाही, या फौजेला आवरण्याचं आहे. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद केल्या तर फौज परत येऊ शकते, म्हणून सबमिशनच्या धावपळीतही आम्ही त्याला आठवण करतो.

मेचनिकॉव्ह १९१६ च्या जुलैत, महायुद्ध चालू असताना, एकाहत्तराव्या वर्षी पॅरिसमध्ये वारला. त्याच्या अस्थी पाश्चर इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत ठेवल्या आहेत.