डोरोथीची वही

बी.ए.ला असताना वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सची कविता मी अगदी घोकून पाठ केली होती. एकट्यानं भटकताना कवीला तलावाकाठी पिवळ्या फुलांचा ताटवा दिसतो, अशी ती कविता. पण त्या दिवशी तो एकटा नव्हताच, त्याची बहीण डोरोथी बरोबर होती, हे मला कळलं ते पार संसारात पडल्यावर!

डोरोथीचा जन्म २५ डिसेंबर १७७१चा, उत्तर इंग्लंडमधल्या कॉकरमथ गावचा. सहा वर्षांची असताना आई गेली. तिला नातेवाइकांकडे पाठवलं, आणि पुढची नऊ वर्षं भावांची भेट नाही. मधल्या काळात वडीलही गेले. १७९५पासून मात्र ती आणि विल्यम एकत्र राहू लागले. १७९९च्या डिसेंबरात दोघं ग्रासमिअरच्या छोट्याशा घरात आली. स्वयंपाक, शिवण, बाग, भावाच्या कविता स्वच्छ अक्षरात उतरवणं, हे सगळं तिच्याकडे. त्यातून वेळ काढून ती रोजनिशी लिहायची.

१५ एप्रिल १८०२. वसंत आलेला, पण वारा सोसाट्याचा. दोघं उल्सवॉटर तलावाच्या काठानं पायी निघाली. रानात प्रिमरोझ, अ‍ॅनिमोन, बिनवासाची व्हायोलेट, सगळी तिनं टिपली. पाण्याजवळ आधी थोडीच डॅफोडिल्स दिसली, पुढे गेल्यावर काठाकाठानं लांबच लांब पट्टा! काही फुलं दमून दगडावर मान टेकलेली, बाकीची वाऱ्यासंगं नाचणारी. रात्री खानावळीत काय जेवलो, तेही वहीत आहे. दुसऱ्या दिवशीची नांगरणी, शेतात खत पसरणाऱ्या पोरी, पाखरांची किलबिल, तेही आहे. जूनमध्ये खिडकीशी पाकोळ्यांचं घरटं पडलं, तेव्हा तिचा जीव कळवळला. पाखरांनी ते पुन्हा बांधलं, याचीही नोंद आहे.

सुमारे दोन वर्षांनी विल्यमनं कविता लिहिली, १८०७ साली ती छापली गेली. त्यात डोरोथी नाही. भाऊ कृतघ्न नव्हता हं. आपल्याला पाहायला-ऐकायला बहिणीनं शिकवलं, हे त्यानं दुसऱ्या कवितेत मान्य केलंय. पण स्वतःला लेखिका म्हणवून घेणं तिलाच नको होतं. १८०८ साली बर्फाच्या वादळात ग्रीन नावाचं गरीब जोडपं दगावलं, आठ लेकरं उघडी पडली. मुलांच्या मदतीसाठी तिनं ती हकिकत लिहिली, पण छापायला नकार दिला.

अखेरची वीस वर्षं आजारपणानं तिची बुद्धी झाकोळली. २५ जानेवारी १८५५ला ती गेली. रोजनिश्या पुस्तकरूपानं बाहेर आल्या १८९७ साली. आज डॅफोडिल्सच्या कवितेचा अभ्यास तिच्या वहीशिवाय पुरा होत नाही.

बचत गटाच्या बैठकीत मी बायकांना विचारते, तुम्ही काय करता? काही नाही, घरीच असते, हेच उत्तर. त्या काही नाहीत किती काय मावलेलं असतं! पहिला पाऊस कधी आला, अंगणातल्या बुलबुलाची पिल्लं कधी उडाली, हे घरात आपल्यालाच तर ठाऊक असतं.

म्हणून मैत्रिणींनो, दूध-किराण्याच्या हिशेबाच्या वहीत मागची चार पानं स्वतःसाठी ठेवा. तारीख घाला, आणि जे दिसलं ते लिहा. कुणी वाचो न वाचो. मी ठेवली आहेत.