विश्लेषण : मधमाश्यांच्या शत्रूला रोमन पंडिताचे नाव कसे?

नाशिक : कांदा बीजोत्पादनाचे प्लॉट फुलोऱ्यावर आले, की परागीभवनासाठी मधमाश्या हव्याच. कसमादे पट्ट्यातल्या डाळिंब बागांनाही त्यांचा उपयोग होतो. पण मधपेट्या एका शेतातून दुसऱ्या शेतात हलतात, तेव्हा त्यांच्यासोबत ‘व्हॅरोआ’ हा परजीवी कोळीही प्रवास करतो. जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा हा तांबूस, चपटा जीव माशीच्या अंगाला चिकटतो, तिचे पोषण शोषतो आणि पंख वाकडे करणारा विषाणूही पसरवतो. त्याचे नाव मार्कस टेरेन्शियस व्हॅरो या रोमन विद्वानावरून पडले आहे.

कोण होता हा व्हॅरो?

जन्म इ.स.पू. ११६, इटलीतील रेआटे इथला. समुद्री चाच्यांविरुद्धच्या मोहिमेत तो सेनापती पॉम्पीसोबत होता. पुढे यादवी युद्धात स्पेनमध्ये त्याला ज्युलियस सीझरपुढे शरण जावे लागले. सीझरने त्याला माफ केलेच, शिवाय सार्वजनिक ग्रंथालय उभारण्याचे काम दिले. सीझरच्या हत्येनंतर मात्र पारडे फिरले. इ.स.पू. ४३ मध्ये ठार मारायच्या लोकांच्या यादीत व्हॅरोचे नाव आले. मित्राने आसरा दिल्याने जीव वाचला, पण स्वतःचा ग्रंथसंग्रह लुटला गेला. त्याने ७० हून अधिक ग्रंथ लिहिले. पूर्ण टिकला तो एकच, शेतीवरचा.

मधमाश्यांशी संबंध काय?

हा ग्रंथ त्याने ऐंशीव्या वर्षी लिहायला घेतला. पत्नी फुंडानियाने शेत विकत घेतले होते, पहिला भाग तिच्यासाठीच. तिसऱ्या भागात मधमाश्या येतात. राणीला तो राजाच समजत होता. तेव्हाची समजूतच तशी. पण निगा राखण्याचा सल्ला आजही चालेल असा आहे : उन्हाळ्यापर्यंतच्या हंगामात महिन्यातून साधारण तीनदा पोळे उघडावे, हलका धूर द्यावा, घाण काढावी, अळ्या बाहेर टाकाव्यात. या बहुधा मेणपतंगाच्या अळ्या असाव्यात. व्हॅरोआ त्याने पाहिलेला असणे शक्य नाही, कारण युरोपात तो विसाव्या शतकातच पोहोचला.

त्याच्या हाताखाली लढलेल्या दोन भावांचा हिशेबही तो देतो. जमीन आपल्या मापाने सुमारे २५ गुंठे, मधाचे उत्पन्न वर्षाला किमान १० हजार सेस्टर्स. भाव मिळेपर्यंत ते मध विकत नसत. कांदा चाळीत ठेवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

इ.स.पू. २७ मध्ये व्हॅरो वारला.

मग नाव कधी पडले?

१९०४ मध्ये. जावा बेटावरच्या सातेरी जातीच्या माश्यांवर सापडलेल्या कोळ्याचे वर्णन डच प्राणिशास्त्रज्ञ औडेमन्स यांनी केले आणि प्रजातीसमूहाला व्हॅरोचे नाव दिले. सातेरी माश्या या कोळ्याशी बऱ्यापैकी जुळवून घेतात. परदेशी मेलिफेरा माश्यांना ते जमत नाही. मेलिफेराच्या वसाहती उद्ध्वस्त करणारी जात वेगळी असल्याचे २००० मध्ये स्पष्ट झाले. तिला ‘डिस्ट्रक्टर’ म्हणतात.

पेट्या आणणाऱ्यांनी काय पाहावे?

कोळी झाकलेल्या घरांत पिल्लांवर वाढतो आणि नर माश्यांची घरे त्याला जास्त आवडतात. म्हणून पेटी शेतात लावण्यापूर्वी अशी काही घरे उघडून तपासावीत. कोळी दिसल्यास नरांच्या पिल्लांचे पोळे कापून काढावे. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकलेल्या घरांतही पोहोचते, ऑक्झॅलिक आम्ल तिथे पोहोचत नाही. मात्रा तज्ज्ञांना विचारूनच ठरवावी आणि मध काढायच्या हंगामात ही आम्ले टाळावीत. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत याबाबत मार्गदर्शन मिळू शकते.