ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

मराठीतून प्रार्थना करणाऱ्या आपणा सर्वांवर ज्यांचे ऋण आहे, अशा एका धर्मगुरूंची ओळख आम्ही आज करून देत आहोत. त्यांचा जन्म ना महाराष्ट्रातला, ना गोव्यातला. मराठी ही त्यांची मातृभाषाही नव्हती. तरीही मराठी ख्रिस्ती काव्याचा पाया त्यांनीच घातला.

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या गावी सुमारे १५४९ साली थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या राजवटीत कॅथलिक मिस्साविधीवर बंदी होती. श्रद्धेसाठी तरुण थॉमसने मायदेश सोडला आणि १५७५ साली रोम येथे येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून जहाजाने निघाले व २४ ऑक्टोबर रोजी गोव्यात पोहोचले. लगेच त्यांनी वडिलांना प्रवासाचे सविस्तर वर्णन करणारे पत्र लिहिले. समुद्र, वारे, मासे, पक्षी यांची त्यांनी केलेली नोंद वाचली की लेखकाची नजर त्यांच्याकडे तेव्हापासूनच होती, हे कळते.

पुढचे जवळजवळ सर्व आयुष्य त्यांनी गोव्यातील सासष्टी भागात घालवले. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली. सहकाऱ्यांचे मृतदेह मिळवून त्यांच्या दफनाची व्यवस्था करण्यात फादर स्टीफन्स पुढे होते. त्याच वर्षी भावाला पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिले, की इथल्या भाषांची ठेवण लॅटिन व ग्रीक भाषांशी जुळते. एवढ्या दुःखाच्या वर्षातही लोकांच्या भाषेविषयीचे त्यांचे कुतूहल कमी झाले नव्हते.

त्या काळी पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतील देवळे पाडली होती आणि जुने धर्मग्रंथ काढून घेतले होते. ही गोष्ट आपण लपवू नये. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे गेली, पण पुराण ऐकण्याची ओढ गेली नाही. कोरडी प्रश्नोत्तरे पाठ करून ती भूक भागणार नव्हती. फादर स्टीफन्स यांनी ती ओळखली. कोकणी बोलण्यासाठी आणि मराठी धर्मग्रंथांसाठी, असा तिथला रिवाज होता. त्यांनी दोन्ही भाषा आत्मसात केल्या आणि ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीला आपलेसे केले.

१६१६ साली राशोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून झाले. तेव्हा ते सुमारे ६७ वर्षांचे होते आणि गोव्यात येऊन ३७ वर्षे लोटली होती. जवळजवळ ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या कराराची कथा आहे, तर दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. ऐकणाऱ्यांच्या ओळखीच्या शब्दांतूनच त्यांनी तारणाची कथा सांगितली. देशी लिपीचे खिळे मिळावेत म्हणून त्यांनी १६०८ साली रोमला वरिष्ठांकडे पत्र पाठवले होते. ते खिळे काही मिळाले नाहीत, म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या.

१६१९ साली गोव्यातच त्यांचे निधन झाले. त्यांनी रचलेले कोकणीचे व्याकरण १६४० साली छापले गेले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी आपली बोली सोडावी असा हुकूम काढला. ‘ख्रिस्तपुराणा’च्या जुन्या तीन छापील आवृत्त्यांची आज एकही प्रत सापडत नाही. तरीही ग्रंथ टिकला, कारण श्रद्धावंतांनी तो हाताने उतरवून जपला. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापण्यात आला. देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यात निघाली.

आपल्या धर्मग्रामात गीते, प्रार्थना, नाटुकली लिहिणारे बंधुभगिनी आहेत. फादर स्टीफन्स यांच्या जीवनातून त्यांनी एवढे जरूर घ्यावे, की लिहिण्याआधी पुष्कळ वर्षे ऐकावे लागते. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्यात राहावे लागते. वय झाले म्हणून लेखणी खाली ठेवण्याचेही कारण नाही.

आणि आपण वाचकांनी काय करावे? आज मराठी सोडण्याचा हुकूम कोणी काढलेला नाही. तरी आपल्या किती घरांत मुले मराठी बायबल वाचतात, हे आपणच पाहावे. कुटुंबांनी जपले म्हणून ‘ख्रिस्तपुराण’ वाचले. रात्रीच्या रोझरीनंतर शुभवर्तमानातील एक उतारा मुलांकडून मोठ्याने वाचून घेऊ या. एका परक्या देशाच्या माणसाने जी भाषा आपल्यासाठी आयुष्य वेचून शिकली, ती आपल्या घरात तरी ऐकू येत राहो.