गणितानंद कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. हे गाव त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहे. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता, आणि ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच. दत्तात्रय आठ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. गणिताचे कोडे हाती आले की या मुलास वेळेचे भान उरत नसे.

पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९२७ मध्ये, त्यांनी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळवले. १९२९ मध्ये ते पदवीधर झाले आणि नाशिकजवळ देवळाली येथे शिक्षक म्हणून राहिले.

मुंबईहून कल्याणकडे जाताना ठाणे मागे पडले की डोंबिवली स्थानक लागते. संख्यांच्या एका नव्या कुळाची कल्पना कापरेकरांना याच स्थानकावर सुचली. म्हणून त्या संख्यांस त्यांनी ‘डेम्लो’ हे नाव दिले. या कुळातील सर्वांत देखण्या संख्या केवळ एक या अंकापासून निर्माण होतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१. असे करीत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. अंक एकापासून नऊपर्यंत चढतात आणि तसेच उतरतात! गुणाकार मांडून पाहिला म्हणजे याचे कारण ध्यानात येते. एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. त्यामुळे कडेच्या घरात एकच एक, शेजारच्या घरात दोन, तर मधल्या घरात नऊ एक जमतात. दहा एक घेतले की मात्र हातचा येतो आणि ही सुरेख रांग मोडते.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येस कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. वरील सतरा अंकांची बेरीज ८१ होते, आणि ८१ ने त्या संख्येस निःशेष भाग जातो. म्हणजे डोंबिवलीची ही संख्या हर्षदही आहे!

अशा शोधांस गणित म्हणावे काय, असे म्हणून काही गणितज्ञ त्यांस हसत. कापरेकर पडले शाळामास्तर. मोठी पदवी नाही, विद्यापीठाचा आधार नाही. त्यांनी आपल्या पुस्तिका स्वतःच छापल्या. शाळा सुटली की ते पुन्हा संख्यांकडे वळत. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचे नवल मांडले. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. उत्तरावर हीच क्रिया करीत गेल्यास सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२ आणि तिसऱ्याच वेळी ६१७४.

१९६२ मध्ये ते निवृत्त झाले. १९६६ मध्ये पत्नी निवर्तली. निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा उतारवयात त्यांनी शिकवण्या धरल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात त्यांच्या कार्यावर लिहिले, आणि देशोदेशींचे गणितप्रेमी देवळालीच्या या मास्तरांस ओळखू लागले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.